यंत्राला काय येतं?

कोणत्याही जुन्या वर्कशॉपमध्ये जा आणि तिथल्या फोरमनला विचारा, की तुमच्याकडे हे सहा लेथ आहेत, सगळे एकाच कंपनीचे, एकाच मापाचे. मग अगदी नेमकं काम असलं तर कोणत्यावर टाकता? तो क्षणभरही न थांबता एकाकडे बोट दाखवेल. दुसऱ्याचा स्पिंडल लवकर तापतो, तिसऱ्याचा बेड चकच्या जवळ झिजला आहे, चौथा खडबडीत कामाला उत्तम पण फिनिशिंगला नको, हे सगळं त्याला पाठ असतं. कागदावर मात्र सहाही लेथ सारखेच असतात.

मी माझ्या उमेदीची वर्षं उत्पादन विभागात काढली. या पाठ असलेल्या माहितीवर कारखाने किती चालतात, हे मी रोज पाहत होतो. आज तिचाच इतिहास सांगायचा आहे. यंत्राला काय येतं आणि काय येत नाही, हे माणसाच्या डोक्यातून काढून कुठेतरी लिहून ठेवायचं, आणि तेही दुसऱ्या यंत्राला वाचता येईल असं, हा खटाटोप गेली सव्वाशे वर्षं चालू आहे. सध्या त्याला क्षमतांचं डिजिटल प्रारूप असं भारदस्त नाव मिळालं आहे.

याची गरज का पडते? ज्या कारखान्यात वर्षानुवर्षं एकच वस्तू निघते, तिथे हा प्रश्न एकदाच सोडवायचा असतो. हेन्री फोर्डच्या मोटारीच्या कारखान्यात एका यंत्राला एकच काम नेमून दिलेलं असे. त्या यंत्राला आणखी काय जमलं असतं, याची चौकशी करण्याचं कुणाला कारणच नव्हतं. पण आज पंपाचं कवच, उद्या गिअरबॉक्सचं झाकण, परवा तिसरंच काही, तेही पंचवीस-पन्नासच्या बॅचमध्ये, असं काम जिथे येतं तिथे रोज नव्याने ठरवावं लागतं, की कोणता जॉब कोणत्या यंत्रावर चढवायचा. अशा मांडणीला लवचीक उत्पादन म्हणतात. हे ठरवण्याचं काम माणसाऐवजी संगणकाने करायचं असेल, तर फोरमनच्या डोक्यातली वही संगणकाला वाचता आली पाहिजे. सगळं घोडं तिथेच अडतं.

ती वही उतरवून घेण्याचा पहिला मोठा उद्योग केला फ्रेडरिक टेलर या अमेरिकन अभियंत्याने. टेलर म्हटलं की स्टॉपवॉच घेऊन कामगाराच्या मागे उभा राहणारा माणूस आपल्या डोळ्यांसमोर येतो, आणि ते काही खोटं नाही. पण धातू कापण्याच्या शास्त्रावर त्याने तब्बल २६ वर्षं प्रयोग केले, हे कमी लोकांना ठाऊक असतं. १८८० मध्ये फिलाडेल्फियाच्या मिडव्हेल पोलाद कारखान्यात सुरू झालेल्या या प्रयोगांचं सार त्याने १९०६ मध्ये अमेरिकन यांत्रिकी अभियंत्यांच्या संस्थेचा अध्यक्ष या नात्याने मांडलं. त्याच्याच हिशेबाने या प्रयोगांपायी आठ लाख पौंड, म्हणजे साडेतीनशे टनांहून जास्त लोखंड आणि पोलादाचा कीस पडला होता.

इतका कीस पाडून त्याला उत्तर हवं होतं ते टर्नरला रोज पडणाऱ्या साध्या प्रश्नांचं. जॉब किती वेगाने फिरवायचा आणि फीड किती द्यायचा? टेलरला आढळलं, की हे बारा वेगवेगळ्या गोष्टींवर ठरतं. धातू किती कठीण, टूलचा आकार कसा, काप किती खोल, वर पाण्याची धार आहे की नाही, आणि मुख्य म्हणजे लेथची ओढ किती. बारा बदलत्या गोष्टींचं गणित मांडून टर्नरने वेग काढायचा म्हटलं, तर जॉब लागायलाच संध्याकाळ व्हायची.

इथे कार्ल बार्थ मदतीला आला. मूळचा नॉर्वेचा, डोकं गणितात चालणारा. बेथलेहेम पोलाद कारखान्यात टेलरच्या हाताखाली १८९९ मध्ये तो रुजू झाला आणि त्याने या गणितासाठी खास स्लाइड रूल तयार केले. पट्टी सरकवली, धातू आणि कापाची खोली जुळवली, की वेग आणि फीड समोर. यातली खरी गंमत अशी, की एकच पट्टी सगळ्या लेथना चालत नसे. प्रत्येक यंत्राचे गिअर तपासून, त्याची ओढ मोजून त्याच्यासाठी वेगळी पट्टी करावी लागे. त्या लाकडी पट्टीत त्या एका लेथचा स्वभाव कोरलेला असे. यंत्राच्या क्षमतेचं पहिलं प्रारूप कुणी मला विचारलं, तर मी या पट्टीचं नाव घेईन. वीज नाही, संगणक नाही, पण प्रश्न तोच आणि उत्तराची रीतही तीच.

अर्थात ती पट्टी टर्नरच्या खिशात जात नसे. ती नियोजन खात्यात राही आणि टर्नरच्या हाती पडे ती हुकमाची चिठ्ठी. ज्ञान लिहून काढलं की ते कुणाच्या टेबलावर राहतं, हा या विषयातला भांडणाचा मुद्दा पहिल्या दिवसापासूनचा आहे.

बार्थच्या पट्टीने यंत्राची ताकद सांगितली, अचूकता सांगितली नाही. ते काम बर्लिनमध्ये झालं. गेओर्ग श्लेझिंगर हे शार्लोटेनबुर्गच्या तांत्रिक महाविद्यालयात १९०४ पासून यंत्रं आणि कारखाना व्यवस्थापन या विषयाचे प्राध्यापक होते. नव्या यंत्राची पारख कशी करायची, याच्या चाचण्यांचं पुस्तक त्यांनी १९२७ मध्ये प्रसिद्ध केलं. स्पिंडल फिरताना किती डगमगतो, बेड किती सरळ आहे, टेलस्टॉक स्पिंडलच्या रेषेत आहे का, हे डायल गेज लावून कसं मोजायचं आणि किती फरक चालवून घ्यायचा, याचे तक्ते त्यांनी घालून दिले. आपल्याकडे १९५३ मध्ये बंगळुरूला एचएमटी उभी राहिली. तिच्या लेथबरोबर खोक्यातून जो टेस्ट चार्ट यायचा, त्याचं मूळ या बर्लिनच्या प्राध्यापकाकडे जातं. माझ्या पिढीच्या अभियंत्यांनी तो चार्ट प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटात जपून ठेवलेला असे. पुढे या चाचण्या आंतरराष्ट्रीय प्रमाणांमध्ये गेल्या, पण जुनी माणसं अजून ‘श्लेझिंगर टेस्ट’च म्हणतात.

श्लेझिंगर ज्यू होते. १९३३ मध्ये नाझी सत्तेवर आले आणि ज्या माणसाने जर्मन यंत्रउद्योगाला मोजमापाची शिस्त लावली, त्यालाच देशद्रोहाच्या आरोपाखाली तुरुंगात टाकण्यात आलं. सुटल्यावर त्यांनी देश सोडला. अखेरची वर्षं इंग्लंडमध्ये गेली आणि १९४९ मध्ये तिथेच त्यांचा मृत्यू झाला.

टेस्ट चार्टमध्ये एक उणीव होती आणि ती आजच्या डिजिटल दप्तरातही आहे. तो यंत्राच्या जन्मदिवशीचा कागद असतो. बारशाच्या दिवशीचं वजन सांगून कुणी पन्नाशीच्या माणसाची तब्येत सांगत नाही. यंत्राच्या बाबतीत मात्र ते सर्रास चालतं.

दुसऱ्या महायुद्धानंतर गोष्टीला वेगळंच वळण लागलं. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात ट्रॅव्हर्स सिटी नावाच्या गावी जॉन पार्सन्स हेलिकॉप्टरची पाती बनवत होता. पात्याचा वळणदार आकार सांगायला त्याला आराखड्यात १७ बिंदू मिळत. मधली वळणं हाताने जोडावी लागत. त्याचा सहकारी फ्रँक स्टुलेन याने पंचकार्डावर चालणाऱ्या हिशेबाच्या यंत्रातून आणखी बरेच बिंदू काढून द्यायला सुरुवात केली. मग मिलिंग मशीनवर तीन माणसं उभी राहत. एक जण कागदावरचे आकडे मोठ्याने वाचणार, दुसरा एका बाजूचं चाक फिरवणार, तिसरा दुसऱ्या बाजूचं. कीर्तनकार आणि दोन टाळकरी म्हणा ना. पार्सन्सच्या मनात आलं, आकडेच वाचायचे आहेत तर माणूस कशाला? १९४९ मध्ये अमेरिकेच्या हवाई दलाने त्याला पैसे दिले, काम पुढे मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीकडे, म्हणजे एमआयटीकडे गेलं, आणि सप्टेंबर १९५२ मध्ये कागदी फितीवरच्या छिद्रांवरून चालणारं मिलिंग मशीन तिथे लोकांना दाखवण्यात आलं. पार्सन्स या सगळ्यात बाजूला पडला. त्याला आणि स्टुलेनला राष्ट्रीय पदक मिळालं ते १९८५ मध्ये.

त्याच सुमारास दुसरीही एक रीत पुढे आली होती. जनरल इलेक्ट्रिक कंपनीत यंत्र चालवणाऱ्या कसबी कामगाराच्या हालचालीच चुंबकीय फितीवर टिपून घेत आणि मग तीच फीत लावून यंत्राकडून त्या हालचाली पुन्हा करून घेत. गाण्याची रेकॉर्ड करावी तसं हे. त्या कंपनीच्या प्रसिद्धी खात्यात तेव्हा कर्ट व्हॉनेगट नावाचा तरुण नोकरीला होता. तिथे आपोआप चालणारं मिलिंग मशीन पाहून त्याला कादंबरी सुचली. ‘प्लेअर पियानो’ हे तिचं नाव, आणि ती निघाली १९५२ मध्ये, म्हणजे एमआयटीच्या प्रात्यक्षिकाच्याच वर्षी. तिच्यात रूडी हर्ट्झ नावाचा एक टर्नर आहे. त्याच्या हातांची कला फितीवर उतरवून घेतली जाते आणि मग त्याची गरज संपते.

प्रत्यक्षात बाजारात जिंकली ती आकड्यांची रीत. डेव्हिड नोबल या इतिहासकाराने १९८४ च्या आपल्या ग्रंथात असा दावा केला, की ही निवड केवळ तांत्रिक नव्हती; फितीवर कामगाराचा हात टिपला तर सूत्रं थोडीफार कामगाराकडे राहतात, आकड्यांची फीत मात्र ऑफिसात बनते, म्हणून व्यवस्थापनाला ती जास्त आवडली. नोबलचं सगळंच मला पटत नाही. हेलिकॉप्टरच्या पात्याचं किंवा विमानाच्या पंखाचं वळण हातांनी काढून मग टिपायचं म्हटलं तर हातही थिटे पडतात. पण त्याच्या प्रश्नाला बगल देता येत नाही.

आकड्यांच्या फितीने एक नवी अडचण उभी केली. एका मिलिंग मशीनसाठी बनवलेली फीत शेजारच्या दुसऱ्या बनावटीच्या मशीनला कळत नसे. एकाच्या टेबलाचा पल्ला मोठा, दुसऱ्याचा वेग कमी, तिसऱ्याचे हुकूमच वेगळे. एमआयटीत डग्लस रॉस आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९५६ पासून यावर काम केलं आणि एपीटी नावाची भाषा तयार केली. फेब्रुवारी १९५९ मध्ये पत्रकार परिषद घेऊन ती जाहीर झाली, तेव्हा पाहुण्यांना तिच्या मदतीने कोरलेले ॲल्युमिनियमचे ॲशट्रे वाटले होते. त्या काळी ॲशट्रे ही भेट म्हणून शोभत असे.

या भाषेतली मोलाची गोष्ट ॲशट्रेपेक्षा मोठी होती. तिने कामाचे दोन भाग केले. पहिल्या भागात फक्त जॉबचा आकार आणि कटरने जायचा मार्ग. कोणत्या यंत्रावर, हे त्यात येतच नाही. दुसरा भाग म्हणजे पोस्टप्रोसेसर. तो प्रत्येक यंत्रासाठी वेगळा लिहायचा, आणि त्या यंत्राचा पल्ला, वेग, हुकूम, मर्यादा सगळं त्यात असायचं. काय करायचं ते इकडे आणि कुणाला काय येतं ते तिकडे, अशी ही वाटणी. आज पुण्यातल्या भोसरी, चाकणच्या कोणत्याही वर्कशॉपमध्ये ‘या मशीनचा पोस्ट आहे का?’ हा प्रश्न ऐकू येतो. बार्थची पट्टी तिथे संगणकाच्या पोटात बसलेली असते, इतकंच.

एकेका यंत्राची नोंद झाली. आता यंत्रांचा सगळा गोतावळा एकत्र चालवायचा होता. तो पहिला प्रयत्न लंडनमध्ये झाला आणि करणारा माणूस मोठा गमतीचा होता. तुमच्यापैकी ज्यांनी जुन्या काळी हौसेने ॲम्प्लिफायर बांधले असतील, त्यांना विल्यमसन ॲम्प्लिफायर आठवेल. १९४७ मध्ये ‘वायरलेस वर्ल्ड’ मासिकात त्याचा आराखडा आला आणि जगभरच्या हौशी लोकांनी तो घरी जोडला. तो बनवणारे थिओ विल्यमसन पुढे लंडनच्या मोलिन्स कंपनीत आले. कंपनी सिगारेट बनवण्याची यंत्रं करत असे. विल्यमसन यांनी १९६७ मध्ये तिथे ‘सिस्टिम २४’ मांडली. नावातले २४ म्हणजे दिवसाचे तास. दिवसपाळीला माणसांनी जॉब पॅलेटवर आवळून ठेवायचे आणि घरी जायचं. रात्री संगणकाच्या हुकुमाने पॅलेट एका यंत्राकडून दुसऱ्याकडे जाणार आणि सकाळी काम तयार. यंत्रं सारखी नव्हती. प्रत्येकाकडे कामाचा वेगळा वाटा होता आणि कोणता जॉब कुठे जाईल हे संगणक ठरवणार होता. लवचीक उत्पादन प्रणालीचा आरंभ म्हणून आज याच योजनेकडे बोट दाखवतात.

धंद्याच्या दृष्टीने ती फसली. यंत्रं महाग, संगणक त्या काळाच्या मानाने तोकडे, गिऱ्हाईक बिचकलेलं. १९७० च्या दशकाच्या पूर्वार्धातच मोलिन्सने यातून अंग काढून घेतलं. कल्पना मात्र अमेरिका आणि जपानमध्ये रुजली.

ती कुठे कशी रुजली, हे तपासणारा अभ्यास १९८६ मध्ये ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’त आला. करणारे प्राध्यापक रामचंद्रन जयकुमार हे मूळचे भारतीय. त्यांनी अमेरिकेतल्या ३५ आणि जपानमधल्या ६० लवचीक प्रणाली पाहिल्या. यंत्रं दोन्हीकडे साधारण सारखीच होती. पण अमेरिकेत एका प्रणालीवर सरासरी १० प्रकारचे भाग निघत होते आणि जपानमध्ये ९३! अमेरिकन प्रणालीत एक नवा भाग आला, तर तेवढ्यात जपानी प्रणालीत २२ येत. म्हणजे अमेरिकेने लवचीक यंत्रं विकत घेतली आणि ताठ वापरली. कारण शोधताना जयकुमारांना दिसलं, की जपानी कारखान्यांत त्या कामावरच्या माणसांपैकी ४० टक्क्यांहून जास्त पदवीधर अभियंते होते आणि संगणकीय यंत्रांचं शिक्षण सगळ्यांनाच दिलेलं होतं. अमेरिकेत अभियंते ८ टक्के आणि शिक्षण मिळालेले चौथ्या हिश्शाहूनही कमी. जपानमध्ये यंत्राबद्दल जे रोज कळत होतं ते कळवून घेणारा आणि लगेच कार्यक्रमात बदल करणारा माणूस यंत्राजवळच उभा होता. मला हे आकडे या साऱ्या इतिहासातले सर्वांत बोलके वाटतात. यंत्राच्या क्षमतेची नोंद कितीही चांगली केली, तरी ती जिवंत ठेवायला कुणीतरी लागतं, हे जयकुमारांनी मोजून दाखवलं.

त्याच दशकात अमेरिकेच्या जनरल मोटर्सला वेगळ्या दुखण्याने घेरलं होतं. हजारो नियंत्रक, यंत्रमानव, मोजमापाची साधनं, आणि प्रत्येक कंपनीची भाषा निराळी. १९८० पासून त्यांनी एक सामायिक बोली ठरवण्याचा घाट घातला. ती बोली पुढे मागे पडली, पण तिच्यातला एक विचार टिकला आणि १९९० मध्ये आंतरराष्ट्रीय प्रमाणात आला. प्रत्येक खऱ्या यंत्रापुढे एक कल्पित यंत्र उभं करायचं. बाहेरच्याने बोलायचं ते या कल्पित यंत्राशी. आत कोणती तार कुठे गेली आहे याच्याशी त्याला देणंघेणं नाही. बँकेच्या खिडकीसारखं. आत तिजोरी कशी आहे ते विचारायचं नाही, खिडकीत काय मिळतं तेवढं पाहायचं.

मग जर्मनांनी या यंत्रांना बोली लावायला शिकवलं. इथे बोली म्हणजे लिलावातली. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस श्टुटगार्टच्या उंटरट्युर्कहाइम भागात डेमलर-क्रायस्लरच्या इंजिन कारखान्यात नेहमीच्या लाइनला जोडून एक प्रायोगिक भाग बसवला होता. इंजिनाचं सिलिंडर हेड तिथे येई. त्या जॉबच्या वतीने संगणकातला एक दलाल विचारी, मला पुढचं हे काम करून हवंय, कुणाला जमेल? ज्या यंत्रांना ते येतं, त्यांचे दलाल आपल्यापुढे रांग किती आहे ते पाहून बोली लावत. एखादं यंत्र बंद पडलं तर ते बोलीच लावणार नाही, जॉब दुसरीकडे जाणार. वरून हुकूम सोडणारा कुणी नाही. दाणा बाजार चालतो तसं चाललं. पण बोली लावायची तर आपल्याला काय येतं हे प्रत्येक यंत्राला नेमकं सांगता आलं पाहिजे. म्हणजे पुन्हा तीच वही!

२०११ च्या हॅनोव्हर जत्रेत ‘इंडस्ट्री ४.०’ हे नाव गाजलं आणि या वहीला सरकारी पाठबळ मिळालं. यंत्राचं डिजिटल दप्तर कसं असावं याचा आराखडा जर्मनीत ठरला, २०२० मध्ये त्यासाठी फ्रँकफर्टला एक संस्था उभी राहिली आणि २०२३ मध्ये त्याचा पाया आंतरराष्ट्रीय प्रमाण म्हणून प्रसिद्ध झाला. या मंडळींनी यंत्राच्या गुणांच्या तीन पायऱ्या केल्या, त्या समजून घेण्यासारख्या आहेत. पहिली क्षमता, म्हणजे भोक पाडता येणं; ते ड्रिलने, लेझरने की पाण्याच्या झोताने, हे इथे सांगायचं नाही. दुसरं कौशल्य, म्हणजे या अमुक यंत्रात भरलेलं, हुकूम देताच चालू होणारं काम. व्यास इतका, खोली इतकी, चालू कर, थांबव. तिसरी सेवा, म्हणजे हेच काम बाहेरच्याला किती दिवसांत आणि किती रुपयांत करून मिळेल. ॲल्युमिनियममध्ये १० मिलिमीटर व्यासाचं, ३० मिलिमीटर खोल भोक हवं, असं जॉबने मागितलं, की संगणक मागणी आणि क्षमता शेजारी ठेवून जुळवतो. पत्रिका जुळवण्यासारखंच आहे म्हणा, फक्त इथे गुण मोजायला मायक्रॉन असतात.

यात एक पेच आहे, तो ऐकायला सोपा आणि लिहायला कठीण. यंत्रमानवाच्या नुसत्या हाताला ‘उचलून ठेवणं’ येत नाही. त्याला फक्त हलता येतं. नुसत्या पकडीलाही ते येत नाही. तिला मिटता-उघडता येतं. दोघं जोडले की तिसरीच क्षमता जन्माला येते, जी दोघांच्याही दप्तरात नव्हती. उलटही होतं. यंत्राला पाच बाजूंनी कापता येतं, पण फिक्श्चर असं बसतं की दोन बाजू झाकल्या जातात. म्हणजे क्षमता एकट्या यंत्राची नसते. यंत्र, टूल, फिक्श्चर, जॉब आणि जागा, सगळ्यांची मिळून ती ठरते.

जागेचं तर विचारूच नका. जगभर मापं २० अंश सेल्सिअसला खरी धरतात. अर्ध्या मीटर लांबीचा ॲल्युमिनियमचा जॉब त्याहून दहा अंशांनी तापला, तर सुमारे ११५ मायक्रॉनने वाढतो. पुण्यात मे महिन्यात दुपारी चाळीसच्या घरात पारा जातो आणि लहान वर्कशॉपवर पत्रा असतो. यंत्रच तापतं ते वेगळं. माझ्या माहितीतल्या एका शेडमध्ये शटरजवळच्या मशीनवर बसणारा ऑपरेटर सकाळी आल्याबरोबर वीस मिनिटं स्पिंडल मोकळा फिरवत ठेवी आणि दोन भोकांमधलं अंतर जिथे नाजूक आहे ते जॉब अकराच्या आत उरकून घेई. हा नियम त्याने कुठे वाचला नव्हता. स्क्रॅप झालेल्या जॉबांनी त्याला तो शिकवला होता.

मोठ्या गिऱ्हाईकांना आता अशा पुरवठादारांकडून यंत्रांची यादी हवी असते; बनावट, साल, टेबलाचं माप, अचूकता. पूर्वी ती कागदावर जायची, आता ती हळूहळू संगणकाने जुळवता येईल अशा साच्यात मागितली जाते आहे. लहान मालकापुढे यात खरा पेच असतो. अचूकता चांगली लिहिली तर काम मिळेल, पण दुपारच्या पाळीत पडलेल्या प्रत्येक खराब जॉबचं खापर त्याच्या डोक्यावर फुटेल. सावधपणे लिहिली, तर संगणक त्याचं नाव यादीतूनच वगळेल आणि आपल्याला वगळलं हेही त्याला कळणार नाही. पूर्वी खरेदी खात्यातला माणूस फोन करून ‘जमेल का हो?’ असं विचारायचा. ‘सकाळच्या पाळीत जमेल साहेब,’ असं उत्तर देता यायचं.

तंत्राच्या बाजूने यावर उपाय निघत आहेत. यंत्रातच बसवलेला प्रोब जॉब मोजतो आणि मिळालेलं माप दप्तरात जातं. बॉलबार नावाच्या साधनाने काही मिनिटांत यंत्राच्या हालचालीतला दोष कळतो. तापमानाप्रमाणे किती फरक पडतो हे तपासण्याची आंतरराष्ट्रीय रीतही ठरलेली आहे. म्हणजे श्लेझिंगरांचा चार्ट जन्मदिवशी एकदा न भरता रोज भरता येईल. त्याला लागतात पैसे, आणि मोजायला थांबवलेल्या यंत्राचा वेळ. मोठ्या कारखान्याला तो परवडतो. पत्र्याच्या शेडमधल्या माणसाला मशीन थांबलं की हप्ता आठवतो.

अशाच एका मालकाला हा साचा भरताना मी मदत करत होतो. अचूकतेच्या रकान्याशी तो अडला. त्याने शटरजवळच्या त्या ऑपरेटरला बोलावून विचारलं, किती लिहू? तो म्हणाला, “दोन आकडे लिहा, अकराच्या आधीचा आणि नंतरचा.” आम्ही पडद्यावर वर-खाली शोधलं. रकाना एकच होता. शेवटी त्यात नंतरचा आकडा भरला, आणि सकाळचा आकडा ‘इतर माहिती’ या जागेत मराठीत टाइप करून टाकला.